हाताची हजेरी

पहाटे पाच वाजता भिंतीवरच्या चाकाने शिट्टी वाजवली, तेव्हा भानुदास बनसोडे टक्क जागे होते आणि मुद्दाम घोरत होते.

उत्पलाला बापाचं खरं घोरणं ओळखता येत होतं. एकेचाळीस वर्षं ऐकलं होतं तिने. खरं घोरणं चढाला लागलेल्या ट्रकसारखं अडखळत यायचं. हे सपाट रस्त्यावरचं होतं.

"आण्णा, चाक वाजतंय."

"वाजू दे."

"पाच वाजले."

"पाच रोजच वाजतात. आज संप आहे." एवढं बोलून त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं आणि घोरणं जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा धरलं.

या चाकाची भानगड आधी सांगायला हवी. सोलापुरात चालकाशिवाय सिटी बस धावू लागून सहा वर्षं झाली होती. पण बस नुसतं यंत्र चालवत नव्हतं. यंत्राला रस्ता शिकवता येतो. रस्त्यावरचा माणूस शिकवता येत नाही. कुठला रिक्षावाला हात न दाखवता वळणार, कुठली म्हैस थांबणार आणि कुठली थांबल्यासारखी करून पुढे येणार, हे नकाशात नसतं. ते चालकाच्या मनगटात असतं. म्हणून नगरवाहिनी कंपनीने शहरातल्या दोनशे बारा चालकांना नोकरीच्या शेवटच्या वर्षी तारा गुंफलेले हातमोजे घालून गाडी चालवायला लावली. स्टिअरिंगवर कधी किती दाब पडला, पाय ब्रेकवर नुसता कधी टेकला आणि कधी खरंच दाबला, आरशावर नजर किती वेळ टिकली, सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपलं. त्यातून प्रत्येक चालकाचा एक 'हात' तयार झाला आणि तो त्या त्या बसमध्ये बसवला. मग चालकांना हार घालून घरी पाठवलं. बाळे ते अक्कलकोट रोड एमआयडीसी ही चौदा नंबरची बस भानुदास बनसोडेंच्या हातावर धावायची. चालकाची खुर्ची रिकामी, समोरचं स्टिअरिंग आपोआप फिरतंय, आणि तरी बाळ्यातली माणसं म्हणायची, "बनसोडेंची गाडी आली."

पुढे एका खटल्यात निकाल लागला की शरीरात मुरलेलं कसब म्हणजे शरीरच. ते वापरायचं तर ज्याचं त्याची रोज संमती घ्या. म्हणून प्रत्येक चालकाच्या घरी भिंतीवर हे ताटाएवढं चाक आलं. सकाळी दोन्ही हातांनी चाळीस सेकंद धरायचं. चाक ठसे बघत नाही. पकडीची लय बघतं: कुठलं बोट आधी आवळतं, अंगठा कधी ढिला पडतो, तळवा श्वासाबरोबर किती सरकतो. लय जुळली की हिरवा दिवा, आणि तिकडे आगारात चौदा नंबर जागी व्हायची. याला सगळे हजेरी म्हणायचे. घरबसल्या माणसाची हजेरी, पण ती दिल्याशिवाय बस हलत नव्हती.

आणि काल संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. एक तारखेपासून दोनशे बारा हात वितळवून एकच 'संयुक्त हात' करणार. मग तो कुणाचाच नसल्यामुळे हजेरीची गरज नाही. चालकांनी भिंतीवरची चाकं उतरवून जवळच्या केंद्रावर जमा करावीत. खाली सही, शिक्का, आणि 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' सहकार्य कुणी कधी दिलं होतं कुणास ठाऊक.

लोक म्हणाले, असा अचानक संप करता येतो का? नोटीस द्यावी लागते. कामगाराला द्यावी लागते, हे खरं. पण पेन्शन आणि विमा द्यायला लागू नये म्हणून कंपनीनेच करारात ठळक अक्षरात लिहून घेतलं होतं की हात देणारा इसम कामगार नव्हे. शहाण्यांनी स्वतःच्या दोरीचा फास स्वतःच विणला होता. संघटनेचे चिटणीस मल्लिनाथ बिराजदार यांनी रात्रीच सगळ्यांना निरोप धाडला: 'आपण कामगार नाही. सकाळी आरामात झोपा.'

दोनशे बारा जण झोपले. शहर जागं झालं ते थांब्यावर.

*

उत्पलाला नऊच्या आत एमआयडीसीत पोचायचं होतं. येमूलशेठच्या रंगशाळेत ती रंगमास्तर होती. टॉवेलचं सूत रंगतं त्या भांड्यांवर कॅमेरे होते, पडद्यावर आकडे होते, पण सोलापूरचं पाणी रोज वेगळं. आज जड, उद्या हलकं. ओल्या सुताचा रंग पडद्यावर बरोबर दिसायचा आणि वाळल्यावर दगा द्यायचा. तो दगा आधी दिसायचा फक्त उत्पलाला. लडी पिळायची, फुंकर घालायची, उत्तरेच्या दारात उजेडाला धरायची आणि सांगायची. बस.

आज अबोली रंगाचा लॉट होता. याच गिऱ्हाइकाचे आधीचे दोन लॉट तिच्या रजेत बिघडले होते. हा तिसरा. हाही बिघडला तर गिऱ्हाईक गेलं, आणि त्याच्या मागोमाग रंगशाळेतली बावीस माणसं.

साडेपाचला तिने फोन लावला. "शेठ, बस बंद आहेत. लॉट थांबवा."

"आता काय थांबवू?" येमूलशेठ ओरडले. "सूत भांड्यात पडलं की! सव्वानऊला रंग पक्का होणार. त्याच्या आत तू बघितलं नाहीस तर संपलं."

"तुमची गाडी पाठवा."

"गाडी पोरगं हैदराबादला घेऊन गेलंय. हे बघ, मी व्हिडिओवर दाखवतो तुला रंग."

"शेठ, फोनवर अबोली दाखवाल तर मी टोमॅटो म्हणेन."

"मग चालत ये, उडत ये, पण ये. आणि ते चष्म्याचं कागद पण आजच सही करायचं आहे बरं का."

चष्म्याचा कागद महिनाभर तिच्या डोक्यात होता. एका कंपनीने येमूलशेठला गळ घातली होती: रंगमास्तरला तीन महिने आमचा चष्मा घालू द्या, तिची नजर कुठे किती टिकते ते आम्ही टिपतो, नंतर यंत्रच शेड सांगेल. शेठ म्हणाले होते, तुलाही आराम. बापाच्या आरामाची सहा वर्षं तिने जवळून बघितली होती, म्हणून सही रखडली होती.

रिक्षा बघितली तर पहिली मिळत होती साडेअकराला. चालायचं तर बारा किलोमीटर, आणि उजव्या गुडघ्यात दोन वर्षांपासून वाळू भरल्यासारखं झालेलं. दुचाकी कधी घेतलीच नव्हती. बापाची बस दारात येत असताना दुचाकी कशाला?

पावणेसात वाजले. हजेरी सातपर्यंत चालायची. चाकावरचा लाल ठिपका उघडझाप करत होता.

आता एक गोष्ट होती, जी या घरात कुणी तोंडावर आणली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी आण्णांच्या अंगठ्यात संधिवात शिरला आणि चाकाने त्यांची पकड नाकारली. तीनदा धरलं, तीनदा लाल. ते तोंड फिरवून चहा ठेवायला गेले. उत्पलाने सहज म्हणून चाक धरलं, आणि चाळीस सेकंदांनी हिरवा दिवा लागला. इंजिनिअर म्हणतील असं होऊच शकत नाही. होऊ शकतं. चौदाव्या वर्षी बाळ्याच्या माळावर, उधारीच्या जीपमध्ये तिच्या हातांवर हात ठेवून ज्याने तिला स्टिअरिंग शिकवलं, त्याच्याच मनगटाची लय तिच्यात उतरली होती. आण्णा परत आले, हिरवा दिवा बघितला आणि म्हणाले, "मशीनला जरा उशिरानं अक्कल येते." तेव्हापासून रोज तसंच. ते धरायचे, लाल. ते चहा ठेवायचे. ती धरायची, हिरवा.

तिने चाकाकडे पाहिलं. दोन हात पुढे केले. कोण बघतंय? एक चौदा नंबर सुटली तर शंभर माणसं कामावर जातील. बावीस माणसांचं काम राहील.

"धर की," मागून आवाज आला. आण्णा चहाचा पेला घेऊन दारात उभे. "थांबलीस कशाला? रोज धरतेस."

ती वळली. मग म्हणाली, "माहीत होतं तुम्हाला?"

"अगं, मशीन फसलं, मी नाही. एकतीस वर्षं गाडी चालवली. मागच्या शिटावर कोण उतरायला उठलं ते मला न बघता कळायचं. माझ्या पाठीमागं तुझ्या बांगड्या चाळीस सेकंद गप्प होतात, एवढं कळणार नाही?"

"मग बोलला नाहीत ते?"

"तू तरी कुठं बोललीस?" त्यांनी घोट घेतला. "म्हणून आता सांगतो. संपावर मी नाही. माझ्या हातानं ते चाक आठ महिने पेटलेलं नाही. जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी नुसता घोरतोय."

उत्पलाचं डोकं फिरलं. "छान! म्हणजे लॉट बुडाला तर मी बुडवला, आणि संप फुटला तर मीच फोडला! तुमचं काय जातंय? लोकांना कामावर जायचंय आण्णा!"

"जायचंच आहे. लोकांनी कामावर जाऊ नये म्हणून संप नाही केला." आण्णांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "दोनशे बारा जणांचं कालवण एका पातेल्यात ओतणार आहेत. मग ते पातेलं कुणाचं? उद्या तुझे डोळे घेतील. रंगाऱ्यांचे सगळे डोळे एकत्र घोटतील आणि म्हणतील, बाई, यात तुमचं काय आहे? दाखवा बरं. तू काय दाखवशील?"

उत्पलाचे हात चाकापाशीच होते, बोटं टेकायला चार अंगुळं बाकी. लाल ठिपका उघडमीट करत राहिला. मग तिने हात खाली घेतले आणि पदराला पुसले, जणू चाकाला लागलेच होते. सात वाजता ठिपका विझला. आगारात चौदा नंबर झोपलेलीच राहिली.

"झालं," ती म्हणाली. "गेले मी संपावर. आता मला एमआयडीसीत पोचवा."

"मी?"

"लायसन आहे ना अजून?"

"दोन वर्षं बाकी आहेत. पण गाडी?"

"रफीकभाईचा मंडपाचा टेम्पो दारात उभा आहे. जुना आहे, त्यात कुणाचा हात बसवलेला नाही."

आण्णांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत त्यांनी रस्त्यावर गाडी चालवली नव्हती. "या अंगठ्यानं?"

"मी शेजारी बसते," उत्पला म्हणाली.

*

रफीकभाईने किल्ली दिली आणि वर बजावलं, "काका, खुर्च्या मोजून परत आणायच्या. काल जावळाला दीडशे होत्या." टेम्पोत लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे ढीग होते. उत्पलाने तीस मांडल्या, बाकीच्या दोरीने बांधल्या आणि थांब्यावर जाऊन हाक दिली, "अक्कलकोट रोड! वाटेत कुठंही उतरा!"

थांब्यावर मारामारीच व्हायची राहिली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात भाकरी करणारी अंबव्वा सगळ्यांत आधी चढली आणि खुर्ची धरून बसली. "लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय की गं उत्पला. नवरदेव कुठाय?"

"चालवतोय," उत्पला म्हणाली.

"एवढा म्हातारा? मोडा लग्न!"

टेम्पोत हशा पिकला. विमा कचेरीतले कुलकर्णी मात्र बॅग छातीशी धरून धुमसत होते. "मला एक कळत नाही बनसोडे. संपही तुम्हीच करायचा आणि गाडीही तुम्हीच चालवायची? हा कसला संप?"

आण्णा खिडकीतून डोकावले. "हात संपावर आहेत साहेब. माणूस मोकळा आहे. बसा, पाठ टेकवू नका, खुर्ची मागं घसरते."

पहिला फर्लांग टेम्पो बैलासारखा अडला. अंगठा दुखत होता. उत्पलाला ते जबड्यावरून दिसलं. जुन्या पुणे नाक्याशी आण्णांनी पकड बदलली. अंगठा वर, सगळा भार करंगळीकडे. मग गाडी सरळ झाली. चौदा नंबरमधून ती हजारदा गेली होती, पण हे वेगळं होतं. बस अजून अठ्ठावन्न वर्षांच्या भानुदासासारखी धावायची, जरा गुर्मीत. शेजारी बसलेला चौसष्टचा माणूस हळू चालवत होता आणि कितीतरी जास्त बघत होता.

मग गिरणीची जुनी चिमणी आली. इथे चौदा नंबर रोज थांबायची. पाटी नाही, थांबा नाही. दार उघडायचं, वीस सेकंद उघडं राहायचं, कुणी चढायचं नाही, दार मिटायचं. नवखे चिडायचे; जुने त्या वीस सेकंदांत जांभई द्यायचे. आता सवयीने टेम्पोतल्या तीसही माणसांनी पुढच्या खुर्चीला हात लावला.

टेम्पो थांबला नाही. आण्णांनी वेग थोडा कमी केला, उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला, कपाळाला लावला आणि परत ठेवला.

"थांबला नाहीत?" उत्पलाने विचारलं.

"कुणासाठी? चन्नप्पा जाऊन चार वर्षं झाली."

चन्नप्पा म्हणजे शेंगा विकणारा आंधळा म्हातारा. पाटी डोक्यावर घेऊन चढायला त्याला वीस सेकंद लागायचे. म्हणून आण्णा थांबायचे, आणि तेच थांबणं मोज्यांनी टिपून घेतलं होतं. चार वर्षं ती बस मेलेल्या माणसासाठी दार उघडत होती, आणि कंपनीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे नव्या दवाखान्यासमोर त्यांनी टेम्पो एकदम उभाच केला. दुभाजकाच्या फटीतून कुबडी घेतलेली एक बाई आली. तिच्यामागून एक म्हातारा. मग टेम्पो निघाला.

"इथं बस थांबत नाही," उत्पला म्हणाली.

"कशी थांबेल? हात दिला तेव्हा इथं नुसती बाभळ होती." कन्ना चौक मागे पडल्यावर आण्णा म्हणाले, "सहा वर्षं रोज सकाळी विचारलं त्यांनी मला, 'हो ना?' पण एकदा, एकदा तरी विचारावं की नाही, 'आणखी काय?'"

उत्पलाने तिथेच बिराजदारांना फोन लावला. "चिटणीससाहेब, मागण्यांत एक कमी आहे. नुसती हजेरी नको. वर्षातून एकदा चालकाला मोजे घालून त्याच्या रस्त्यावर परत बसवा. हात शिळा होतो."

"पोरी," बिराजदार म्हणाले, "तू कुठल्या हुद्द्यावर बोलतेस?"

"संपावर आहे मी," उत्पला म्हणाली आणि फोन ठेवला.

*

नऊ वाजून चार मिनिटांनी मंडपाचा टेम्पो रंगशाळेच्या फाटकाशी लागला. उत्पला लंगडत धावली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'जुळले' असं आलेलं होतं आणि येमूलशेठ त्याच्याकडे देवाकडे बघावं तसे बघत होते.

तिने लडी ओढली, पिळली, फुंकर घातली, उत्तरेच्या दारात धरली. टेम्पोचे आवाज, खुर्च्यांचे आवाज, सगळं दूर गेलं. अबोलीच्या तळाशी एक करडी सावली होती, राखेचं बोट लागल्यासारखी. पाणी आज जड होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मशीन हो म्हणतंय गं!"

"मशीनला उशिरानं अक्कल येते. वाळल्यावर काळवंडेल. पिवळा वाढवा, चिमूटभर. आत्ता."

चिमूटभर पिवळा गेला. आठ मिनिटांनी दुसरी लडी. ती तिने गरम हवेवर वाळवली आणि शेठच्या हातात ठेवली. अबोलीच्या वेणीतली कळी तोडून आणावी तशी दिसत होती. शेठने लडी गालाला लावली. बावीस माणसांपैकी कुणीतरी शिट्टी मारली.

चहा आला, आण्णांनाही आला, आणि चहाबरोबर चष्म्याचा कागद. उत्पलाने तो पहिल्यांदाच सबंध वाचला. मग पेन मागितलं आणि मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'माझी नजर माझ्या रोजच्या हजेरीशिवाय वापरायची नाही. कुणाच्या नजरेत मिसळायची नाही. दर वर्षी एक महिना चष्मा मला परत घालायला द्यायचा. पाणी बदलतं, नजरही बदलते.' खाली सही.

शेठने वाचलं. "अगं बाई, मग मशीन घेऊन माझा फायदा काय?"

"मला ताप आला तरी तुमचा लॉट बिघडणार नाही. एवढा फायदा पुरे."

"आणि एक दिवस तू हजेरी दिली नाहीस तर?"

उत्पलाने नुसतं फाटकाकडे पाहिलं. तिथे आण्णा टेम्पोच्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते. शेठनेही तिकडे पाहिलं. आजची सकाळ त्यांना आठवली असावी. त्यांनी चष्मेवाल्यांना फोन लावला आणि तेलुगूत, मग हिंदीत, मग शिव्यांत समजावलं. चौथ्या दिवशी त्यांची सही आली.

संप त्याच्या आदल्या दिवशी मिटला होता. तीन दिवस सोलापूर मंडपाच्या टेम्पोत, शाळेच्या गाड्यांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फिरलं; चालवणारे सगळे संपावरचे म्हातारे. शिव्या कंपनीला पडल्या आणि तिने पत्र मागे घेतलं. हात वेगळेच राहिले, हजेरी राहिली, आणि वर्षातून एकदा मोजे.

आण्णांनी सात दिवस मोजे घालून चौदा नंबर चालवली. नवी पकड टिपली गेली, अंगठा वर. त्यानंतरच्या सोमवारी पाच वाजता चाकाने शिट्टी वाजवली, आण्णांनी धरलं आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. ते हरखून ओरडले, "उत्पले, बघ!"

"बघितलं," ती चुलीशी म्हणाली. चहा आता तिला ठेवावा लागणार होता.

त्या दिवशी ती रिकाम्या खुर्चीच्या मागे बसली. अंबव्वा शेजारी. नव्या दवाखान्यापाशी बस थांबणार होती, हे तिला माहीत होतं. तिचं लक्ष त्याच्या आधी होतं. चिमणी आली. सगळ्यांनी सवयीने पुढच्या दांड्याला हात लावला. बस थांबली नाही. वेग किंचित कमी झाला आणि समोरचं स्टिअरिंग एका बाजूला हलकं लवलं, त्यावरचा एक हात कुणीतरी उचलून नेल्यासारखं. सेकंदभर ते तसंच एका हातावर राहिलं.

मग दुसरा हात परत आला, आणि गाडी कन्ना चौकाकडे निघाली.